आधी पोच घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी तरुणी नाशिकची, वडाळा गावात राहणारी, नुकतीच एलएल.बी. झालेली, सनद हातात आली आहे. मुस्लिम समाजाच्या नागरी हक्कांसाठी सार्वजनिक काम करायचं आहे. पण कोर्टात करायचं, संघटना काढायची, टीव्हीवर बोलायचं की राजकारणात शिरायचं, हे ठरत नाही. घरचे म्हणतात, अंगावर केसेस घेशील. कॉलेजच्या मैत्रिणी म्हणतात, एकाच समाजाबद्दल बोललीस तर जातीयवादी ठरशील. आणि शेवटी एक ओळ: आईला काय सांगू?

मी नाशिकच्या जिल्हा न्यायालयात पंचवीसेक वर्षं वकिली करतोय. त्यातला बराच वेळ तुम्ही म्हणता त्या कामात गेला, फक्त आम्ही त्याला एवढं भारदस्त नाव दिलं नव्हतं. जुन्या नाशकात लोक त्याला ‘वकीलसाब का बाहर का काम’ म्हणायचे. फी मिळते ते आतलं, मिळत नाही ते बाहेरचं.

तुम्ही चार वाटा विचारल्यात, पण मला अडचण वाटांची दिसत नाही. उद्या रात्री अकरा वाजता दूधबाजारातून एखाद्या पोराला उचललं, तर त्याची आई तुम्हाला फोन करेल का? तुम्ही ठाण्यात पोचलात तर ठाणे अंमलदार तुमचं ऐकून घेईल का? आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही जे लिहाल ते गंगापूर रोडवर चहा पीत पेपर वाचणाऱ्याला खरं वाटेल का? या तिन्ही ठिकाणी तुमचा शब्द चालायला हवा. गोची अशी, की एका ठिकाणी चालणारी भाषा दुसऱ्या ठिकाणी चालत नाही. मोहल्ल्यात टाळ्या घेणारं वाक्य ठाण्यात गुन्हा दाखल व्हायला पुरतं, आणि ठाण्यात कामी येणारा नरम सूर मोहल्ल्यात ‘बिक गए’ म्हणवून घेतो. ही तिन्ही दारं एकाच चावीनं उघडतात असं मला अनुभवानं वाटतं. ती चावी दिसायला फारच साधी आहे, म्हणून जरा लांबून सांगतो.

त्याआधी, तुमच्या परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. घर तुमच्या कमाईवर चालणार असेल तर पहिली काही वर्षं सरळ वकिली करा. मोटार अपघात, चेक बाउन्स, वारस दाखले, भाडेकरूची भांडणं. यात कमीपणा नाही. प्रक्रिया तिथेच शिकता येते आणि ज्याचं पोट भरलेलं आहे त्याला कोणी पटकन विकत घेत नाही. एखाद्या संस्थेत पूर्णवेळ पगारावर जाणार असाल तर बार कौन्सिलचा नियम ४९ वाचा, पगारी नोकराला वकिली करता येत नाही. नियम ३६ प्रमाणे वकिलानं जाहिरात करून काम मिळवायचं नसतं. फ्लेक्सवर काळा कोट घालून झळकायच्या हौसेला हा नियम आडवा येतो, येऊ द्या. शहरात काम करणार की जिल्ह्यात, यानंही फरक पडतो. नाशिक शहराला पोलीस आयुक्तालय आहे. मालेगाव, सिन्नर, निफाड हे सगळं ग्रामीण अधीक्षकांकडे. दोन्हीकडची दारं, रीत आणि माणसं वेगळी.

आता चावी. माझे अब्बा वकील नव्हते, कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसणारे अर्जनवीस होते. माणूस रडत यायचा, ओरडत यायचा, तासभर बोलत राहायचा. अब्बा मान डोलवत दोन कार्बन लावून कागद चढवायचे आणि विचारायचे, “तारीख?” माणूस थांबायचा. “दोन-तीन दिवस झाले.” “दोन की तीन?” मग दुसरा प्रश्न, “पाहिलं कोणी?” आणि तिसरा, “साहेबांनी काय करावं असं तुमचं म्हणणं आहे?” या तिसऱ्या प्रश्नावर भलेभले गप्प व्हायचे. झालेला अन्याय सगळ्यांना पाठ असतो, मागणी कोणी ठरवलेली नसते. टाइप करून झालं की अब्बा तिसऱ्या प्रतीवर बोट ठेवून सांगायचे, “यावर शिक्का आणि आवक क्रमांक, म्हणजे पोच, घेतल्याशिवाय ऑफिसातून हलायचं नाही.”

हे बघत वाढलेला मी वकील झाल्यावर पहिली गोष्ट कुठली विसरलो असेन? हीच. सुरुवातीच्या काळात फळगाडी लावणाऱ्या एका पोराला काही लोकांनी नाव विचारून मारलं. मी चाळीसेक माणसं घेऊन ठाण्यावर गेलो आणि असं भाषण केलं की बाहेर आल्यावर लोकांनी खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. ठाण्यात एन.सी. झाली, म्हणजे अदखलपात्र नोंद. पोराला सिव्हिल हॉस्पिटलला नेऊन एम.एल.सी., म्हणजे पोलिसी कामासाठी जखमांची वैद्यकीय नोंद, करायचं मला सुचलं नाही. चौथ्या दिवशी वळ निवळले होते. ज्या पानवाल्यानं सगळं पाहिलं होतं, त्याचं नाव मी लिहून घेतलं नव्हतं. पुढे त्याला काहीच आठवेना. प्रकरण तिथेच मिटलं. पोराची आई माझ्यावर रागावली नाही, उलट दुआ देऊन गेली. रागावली असती तर बरं झालं असतं.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. मार लागला असेल तर आधी दवाखाना, मग ठाणं, भाषण सगळ्यात शेवटी आणि जमलं तर नाहीच. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफ.आय.आर. नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितलं. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम १७३ मध्ये झीरो एफ.आय.आर.ची सोय आहे, म्हणजे हद्द कुणाचीही असो, नोंद घ्यायची. पण याच कलमात नवी पाचरही आहे. तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात वरिष्ठांच्या परवानगीनं चौदा दिवस प्राथमिक चौकशी करता येते. ठाण्यात ‘चौकशीवर ठेवलंय’ असं ऐकलंत की परवानगी कुणाची, कोणत्या तारखेची, हे लेखी विचारा. नोंद नाकारली तर आयुक्तांना किंवा अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं अर्ज, आणि त्यावरही काही झालं नाही तर शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम १७५(३) खाली. वरिष्ठांना पाठवलेल्या अर्जाची पोस्टाची पावती नसेल तर मॅजिस्ट्रेटसमोर तुमचा पायच लटपटतो. बघा, परत पोच आली.

अटक झाली असेल तर वेगळी धावपळ. डी. के. बसू खटल्यातली १९९६ ची तत्त्वं प्रत्येक ठाण्याच्या भिंतीवर आहेत, आणि भिंतीवर असल्यामुळेच कोणी वाचत नाही. अटकेचा पंचनामा, त्यावर साक्षीदाराची सही, नातेवाइकाला कळवणं, वैद्यकीय तपासणी, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर. सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा असेल तर अटकेआधी हजर राहण्याची कलम ३५(३) ची नोटीस का दिली नाही, हे विचारता येतं. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं. संपूर्ण वेळ शेजारी बसता येत नाही, त्यावर हुज्जत घालू नका. पोराला नेमकं किती वाजता आणलं यावर वाद होणार असं वाटलं, तर त्याच रात्री सीसीटीव्ही फुटेज जतन करण्याचा अर्ज द्या. ठाण्यांत कॅमेरे बसवायचे आणि चित्रण सांभाळून ठेवायचं, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२० चा आदेश आहे. अर्ज दिला नाही तर कॅमेरा नेमका त्याच दिवशी बंद असतो.

आणि एक वागण्याची गोष्ट. ठाण्यातल्या माणसाला आवाज चढवून काही मिळत नाही. तोही बारा तास उभा असतो, बंदोबस्तावरून आलेला असतो. मी ‘साहेब’ म्हणतो, पाणी मागतो, बसतो आणि म्हणतो, “स्टेशन डायरीला माझ्या येण्याची नोंद घ्या, वेळ टाका.” एवढ्या वाक्यावर खोलीतली हवा बदलते. काही जणांना याचा राग येतो, पण मी गेल्यावर शिवी देणारा अंमलदारही पुढच्या वेळी माझा फोन उचलतो, कारण मी त्याच्याबद्दल खोटं लिहीत नाही हे त्याला ठाऊक असतं. चांगलं वागलेल्या अधिकाऱ्याबद्दलही लेखी कळवायची सवय ठेवा. भिवंडीत १९८८ नंतर सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्यानं मोहल्ला समित्या उभ्या केल्या आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली. तिथे पोलीस आणि वस्ती एकमेकांना नावानं ओळखत होते. आपल्याकडच्या शांतता समितीच्या बैठका सणाच्या आदल्या दिवशी चहा-बिस्किटांवर आटोपतात. तरीही जा, आणि इतिवृत्तात काय लिहिलं ते वाचून सही करा.

झुंडीच्या हल्ल्यांबद्दल तुम्ही वेगळं विचारलं नाही, पण तुम्हाला लागेल. तहसीन पूनावाला खटल्यात १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक जिल्ह्यात अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी नेमायला सांगितलं. आपल्या जिल्ह्यात तो कोण, हे माहिती अधिकारात विचारून ठेवा. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवस. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एक अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत. घटना घडल्यावर विचारण्यात अर्थ नाही. भारतीय दंड संहितेच्या जागी आलेल्या नव्या न्याय संहितेच्या कलम १०३(२) मध्ये पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या हत्येचा वेगळा उल्लेख आहे. ते नीट वाचा. त्यात ‘धर्म’ हा शब्द नाही. ‘समुदाय’ आहे, ‘वैयक्तिक श्रद्धा’ आहे आणि ‘तत्सम अन्य कारण’ आहे. युक्तिवाद तिथून उभा करावा लागतो. द्वेषपूर्ण भाषणाच्या तक्रारीत लोक मला व्हॉट्सअॅपवर फिरून आलेला व्हिडिओ पाठवतात. तो कोर्टात चालायचा तर मूळ कोणाच्या मोबाइलमध्ये आहे ते शोधा, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र जोडा आणि भाषणाचा शब्दशः उतारा काढा. तक्रारीची वाट न पाहता स्वतःहून गुन्हे नोंदवा, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २८ एप्रिल २०२३ रोजी सर्व राज्यांना लागू झाला. पण कोणीतरी कागद नेऊन ठेवल्याशिवाय ‘स्वतःहून’ सहसा घडत नाही.

इथवर वाचून हे काम म्हणजे पोलीस ठाणंच असं वाटेल. माझ्या कपाटातल्या फायली मोजल्या तर निम्म्याहून जास्त दाखल्यांच्या आहेत. त्याबद्दल कोणी भाषण करत नाही, म्हणून जरा रेंगाळतो.

सिन्नर तालुक्यातलं एक तांबोळी कुटुंब. मुलाला ओबीसीचा दाखला हवा होता. महाराष्ट्राच्या यादीत तांबोळी, पिंजारी, मोमीन, अत्तार, बागवान अशा अनेक मुस्लिम जाती आहेत. पण कारकून म्हणाला, “मुसलमानांत जात कुठं असते?” बाप मोहल्ल्यातल्या बुजुर्गांकडे गेला, तर ते म्हणाले, “इस्लाम में जात नहीं होती, दाखला कायको माँगता?” दोन टोकांची दोन माणसं, वाक्य एकच! मधे पोराची अॅडमिशन लटकलेली. ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये जातीच्या रकान्यात ‘मुसलमान’ एवढंच. वडिलांच्याही तेच. त्या काळच्या मास्तरांनी बहुतेक ठिकाणी असंच लिहून ठेवलंय.

मग शोध सुरू झाला. तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे कोतवालाचं जन्म-मृत्यूचं बुक. त्यात पानं फाटलेली. जुनं खरेदीखत मिळालं, त्यात पणजोबांचा धंदा ‘पानविक्री’ लिहिलेला. आधार म्हणून बरा, पुरावा म्हणून अपुरा. शेवटी चुलत आजोबांच्या शाळेचा जनरल रजिस्टरचा उतारा निघाला. शाळा दुसऱ्या गावची, कारण ते मामाकडे शिकायला होते. रकान्यात लिहिलेलं: ‘मु. तांबोळी’. त्या मास्तरांचं नाव मला माहीत नाही, पण त्यांच्यासाठी मी दुआ मागितली. वंशावळ, शपथपत्रं, पडताळणी समितीच्या दक्षता पथकाची गृहभेट, सगळं मिळून चौदा महिने गेले.

आरक्षणाचं राजकारण तुम्हाला ठाऊक असेल. मुस्लिमांच्या स्थितीवरचा सच्चर समितीचा अहवाल २००६ चा, राज्याच्या महमूदुर रहमान समितीचा २०१३ चा. २०१४ मध्ये राज्य सरकारनं अध्यादेश काढून मुस्लिमांतल्या मागास गटांना पाच टक्के दिले. उच्च न्यायालयानं नोकऱ्यांपुरती स्थगिती दिली, शिक्षणापुरतं राहू दिलं; पुढे सरकार बदललं आणि अध्यादेशाचा कायदा झालाच नाही. त्या पाच टक्क्यांसाठी मोर्चे निघतात, मीही चाललोय. पण जे यादीत आधीपासून आहे ते लोकांच्या हातात पडत नाही, त्यासाठी मोर्चा निघत नाही. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, दिलीपकुमारांसारखा माणूस त्यांच्या व्यासपीठावर आला, तेव्हा कुठे गावोगावच्या तांबोळ्या-पिंजाऱ्यांना यादीत आपण आहोत हे कळलं. तुमची पहिली पाच वर्षं नुसती या कामात गेली तरी ती वाया जाणार नाहीत.

नावांचं तसंच. आधारवर ‘शेख रशीद’, शाळेत ‘शैख राशिद’, मतदारयादीत ‘रशिद शेख’, आणि बापाच्या नावात कुठे ‘मोहम्मद’ कुठे नुसतं ‘मो.’ उर्दूतून मराठीत, मराठीतून इंग्रजीत येताना माणूस तीनदा जन्मतो. शांत दिवसांत हे विनोदी वाटतं. २०२५ च्या सुरुवातीला मालेगावातल्या उशिरा नोंदवलेल्या जन्मदाखल्यांवरून राज्यभर गदारोळ झाला, विशेष तपास पथक नेमलं गेलं, तेव्हा माझ्याकडे साठ-सत्तर वर्षांच्या बायका प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन यायला लागल्या. ज्यांच्या दाखल्यामागे शाळेचा किंवा कोतवाल बुकाचा उतारा होता, त्यांचं उत्तर एका पानात झालं. बाकीच्यांचं अजून चालू आहे. मोहल्ल्यात शिबिर भरवून एकेका घराचे कागद जुळवणं, राजपत्रात नावबदल करून देणं, हे तुमच्या वयाच्या चार मुली मिळून करू शकता.

मालेगावचं नाव निघालं म्हणून. ८ सप्टेंबर २००६, शब-ए-बारातचा शुक्रवार, बडा कब्रस्तान आणि मशिदीजवळ स्फोट झाले, तीसहून जास्त माणसं गेली. नऊ मुस्लिमांना अटक झाली. २०१६ च्या एप्रिलमध्ये विशेष न्यायालयानं त्यांच्यावरचे आरोप काढून टाकले. तोवर त्यांतला एक जण हयात नव्हता. २९ सप्टेंबर २००८ ला पुन्हा स्फोट झाला, त्या खटल्यातले सातही आरोपी ३१ जुलै २०२५ ला निर्दोष सुटले. आपल्याकडे काम करणारे बहुतेक जण खोट्या आरोपात अडकलेल्यांच्या बाजूनं उभे राहतात, आणि राहायलाच हवं. पण त्या दोन्ही दिवशी ज्यांची माणसं गेली त्यांच्याही घरी कोणीतरी फाइल घेऊन गेलं पाहिजे. पीडितालाही खटल्यात स्वतःचं म्हणणं मांडता येतं, हे त्या घरांना सांगणारं माणूस क्वचितच असतं.

एका ठिकाणी तुम्हाला हात टेकावे लागतील: घर. “तुमच्या लोकांना देत नाही” हे वाक्य इंदिरानगरपासून गंगापूर रोडपर्यंत मी स्वतःसाठी ऐकलंय, वकिलीचं कार्ड दाखवूनही. घटनेचं कलम १५(२) भेदभावाला मनाई करताना दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव म्हणतं. खाजगी घरमालकाला सरळ धरता येईल असा केंद्रीय कायदा नाही. वर पारशांच्या झोरोस्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका समाजापुरती सोसायटी मान्य केली. हाती उरतं ते सहकार कायद्याचं कलम २२ आणि २३. फ्लॅट विकत घेतलाय आणि सोसायटी सदस्य करून घेत नसेल, तर अर्ज लेखी द्या, पोच घ्या. तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर सदस्यत्व मिळालं असं धरलं जातं. नकार दिला तर निबंधकाकडे अपील. भाड्याच्या घराला मात्र यातलं काही लागू नाही. अशिलाला हे खरं सांगा. खोटी आशा दाखवणारा वकील लोक पटकन विसरत नाहीत.

आता घरातली गोष्ट. तुम्ही बाई आहात, त्यामुळे तुमच्याकडे पहिल्या वर्षीच पोटगीच्या केसेस येतील, माझ्याकडे त्या यायला दहा वर्षं लागली. तेव्हा मशिदीच्या कमिटीतले एक गृहस्थ मला प्रेमानं म्हणाले, “वकीलसाब, बाहर इतनी मुसीबत है, घर की बात कोर्ट में मत ले जाओ.” मी ती केस लढवली. दोन वर्षं त्यांनी सलामाचं उत्तर दिलं नाही; मग त्यांच्या भाचीसाठी तेच आले. शाहबानो निकाल १९८५ चा, २००१ च्या दानियल लतिफी निकालानं घटस्फोटितेसाठी आयुष्यभराची रास्त तरतूद मान्य केली, आणि १० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ ची पोटगीही खुली असल्याचं पुन्हा स्पष्ट केलं. हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ ला सात मुस्लिम बायकांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला, तेव्हापासून ‘आधी बाहेरचं की आधी घरातलं’ हा वाद चालू आहे. दलवाईंचं सगळंच मला पटतं असं नाही, त्यांची भाषा मोहल्ल्यात उतरत नाही हे मी पाहिलंय. पण जो माणूस ठाण्यात कायद्याचं राज्य मागतो आणि आपल्या गल्लीतल्या बाईला ते नाकारतो, त्याचा शब्द त्या गंगापूर रोडवरच्या वाचकाला का पटावा?

याच धाग्यानं तुमच्या मैत्रिणींचं उत्तर देतो. नाशिकमध्ये २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेबांच्या मागे इथे दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षं चालवला. दार उघडलं नाही; १९३५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, येवल्यात, बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. त्या सत्याग्रहींनाही ‘आपल्यापुरतं बघतात’ असंच म्हटलं गेलं असणार. आपल्यावर होतं त्याबद्दल आपण बोलणं हा जातीयवाद होत नाही. तो होतो तेव्हा, जेव्हा तेच दुसऱ्यावर झालं आणि आपण गप्प बसलो. मी फाइल लावायला खरं तर सुरगाणा-पेठच्या आदिवासी कार्यकर्त्यांकडून शिकलो. वनहक्काच्या दाव्यात ते एकेका प्लॉटचा पुरावा कसा गोळा करतात, म्हाताऱ्यांचे जबाब कसे घेतात, ग्रामसभेच्या ठरावाची प्रत कशी जपतात, ते एकदा जाऊन बघा. त्यांना माझ्याकडून जामिनाची कामं लागली, मला त्यांच्याकडून शिस्त मिळाली. अर्ज मात्र सगळे मराठीत लिहा, चांगल्या मराठीत. तुमची मराठी ऐकून समोरचा दचकतो, आणि त्या दचकण्यात दोन मिनिटं जास्त ऐकून घेतो.

टीव्ही: पाच वर्षं नको. तिथे त्यांना ओरडणारं माणूस हवं असतं, आणि तुमचं एक अर्धं वाक्य दहा वर्षं तुमच्या अशिलांच्या मानगुटीवर बसतं. ‘देशदूत’, ‘गांवकरी’सारख्या इथल्या दैनिकांना वाचकांची पत्रं लिहा. राजकारण: नगरसेवक होऊन कामं होतात, मी नाकं मुरडत नाही, पण आधी कोणत्या कामासाठी ते ठरवा. संघटना: काढलीच तर धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षी हिशेब तपासणी, विश्वस्त बदलले की फेरफार अर्ज. आमच्या पिढीतल्या दोन चांगल्या संस्था पोलिसांमुळे नव्हे, न दिलेल्या हिशेबांमुळे बंद पडल्या.

केसेस अंगावर येतील का? काही येतील. मोर्चाच्या आदल्या दिवशी कलम १६८ ची प्रतिबंधात्मक नोटीस येईल, लोक तिला अजून ‘१४९ ची नोटीस’ म्हणतात. सही करा, खाली ‘प्रत मिळाली’ आणि वेळ लिहा. जमावबंदी मोडल्याचा गुन्हा लागेल, कधी चॅप्टर केस लागेल, म्हणजे शांततेच्या बंधपत्रासाठी कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर तारखा. माझ्यावर लागली होती; सहा महिने दर पंधरा दिवसांनी जाऊन बसलो, फारसं काही झालं नाही, फक्त वेळ गेला. तडीपारीची नोटीस आली तर मात्र हलक्यात घेऊ नका, लगेच अनुभवी वकील धरा. याहून मोठा धोका नाही असं मी म्हणणार नाही. मुंबईचे वकील शाहिद आझमी बत्तीस वर्षांचे होते, ११ फेब्रुवारी २०१० ला त्यांच्या कुर्ल्याच्या ऑफिसात त्यांना गोळ्या घातल्या. ज्या फहीम अन्सारीची बाजू ते लढत होते, तो तीन महिन्यांनी २६/११ च्या खटल्यातून निर्दोष सुटला. त्यांची फाइल दुसऱ्या वकिलाला उचलून पुढे नेता आली. मी त्या बातमीनंतर माझ्या सगळ्या फायलींवर पहिल्या पानाला प्रकरणाचा गोषवारा आणि पुढची तारीख लिहायला लागलो.

आईबद्दल. माझ्या अम्मीनं मला कधी अडवलं नाही, पण तिची एक अट होती. रात्री बाहेर पडताना कुठलं ठाणं, कोणाचा मुलगा आणि बरोबर कोण, हे तीन शब्द तिच्या वहीत लिहून जायचं. ती वही किराण्याच्या हिशेबाची होती. डाव्या बाजूला तेल, डाळ, साबण; उजव्या बाजूला माझं लिहिलेलं. मी परतलो की ती त्या ओळीवर काट मारायची आणि मग झोपायची. ती गेल्यावर वही मी चाळली, तेव्हा कळलं की प्रत्येक ओळीपुढे तिनं वेळही टाकली होती. अब्बांबरोबर इतकी वर्षं काढलेली बाई.

तुमच्या आईच्या हातात अशी एक वही द्या. आणि त्या वहीत ‘बरोबर कोण’ या रकान्यात लिहायला एक नाव आधी शोधा, एकट्यानं ठाण्यात जाऊ नका.